लहान ॲम्पची खोटी हमी

‘स्पीकर पन्नास वॉटचा असेल तर ॲम्प चाळीसचा घे. मग कितीही फुल्ल कर, स्पीकर उडणार नाही.’ भोर-वेल्ह्यात गाडीला साउंड बसवायला निघालेल्या पोराला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. कधी हायवेवरचा फिटर देतो, कधी वडापच्या जीपवरचा जुना ड्रायव्हर, तर कधी गणपतीत साउंड लावणारा मित्र. सांगणारा आपुलकीने सांगतो, त्यामुळे त्याच्यावर शंका घ्यावीशी कुणाला वाटत नाही. पुढे काही महिन्यांत एका बाजूचा ट्विटर गप्प होतो, दारातला वूफर खरखरायला लागतो, आणि ‘स्पीकरच डुप्लिकेट निघाला’ असा निकाल लागतो. ॲम्पकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण तो लहान होता आणि लहान म्हणजे निर्धोक, हे आधीच मान्य झालेलं असतं.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ज्यांना परवडत नाही त्यांच्याच खिशातून जाते. शिरवळच्या नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीत पाळी करणारा मुलगा पगारातून बाजूला काढून स्पीकरची जोडी घेतो. ती उडाली की तो पुन्हा तशीच जोडी आणि पुन्हा तसाच ॲम्प घेतो. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की ॲम्पची खरी ताकद स्पीकरच्या खऱ्या क्षमतेइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्तच असावी, आणि त्याला आवर घालायचा तो गेनने आणि फिल्टरने.

लहान ॲम्पच्या बाजूचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. ॲम्प चाळीस वॉटचा आहे, तर त्यातून चाळीसहून जास्त बाहेर पडेलच कसं? पण पडतं. चाळीस हा आकडा स्वच्छ आवाजाचा असतो. गाडीच्या ॲम्पची ताकद कशी मोजायची, याचं सीईए-२००६ नावाचं मानक अमेरिकेत २००३ मध्ये आलं. त्यात १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा भार आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती, या अटींवर मोजलेले वॉटच खरे धरले जातात. आवाज त्या मर्यादेपलीकडे रेटला की ॲम्पला व्होल्टेज वाढवता येत नाही. मग लाटेचं टोक कापलं जातं, यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि लाट वरच्या पट्टीला टेकून सपाट होते. उंची तेवढीच राहते, पण त्या उंचीवर ती जास्त वेळ थांबते. पूर्ण सपाट झालेली लाट स्वच्छ लाटेच्या दुप्पट वॉट देते. म्हणजे चाळीसचा ॲम्प ऐंशीपर्यंत जाऊ शकतो, आणि समोरचा स्पीकर पन्नासचा आहे.

याचा पुरावा प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर आहे. डेकवर ‘५० वॉट × ४’ असं छापलेलं असतं. १४.४ व्होल्टवर चालणारा, आत व्होल्टेज वाढवणारा भाग नसलेला डेक ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ लाटेत फार तर २६ वॉट देऊ शकतो, तेही आतलं सगळं नुकसान शून्य धरलं तर. प्रत्यक्षात १८ ते २२ मिळतात. मग पन्नास कुठून आले? १४.४ ला १४.४ ने गुणा आणि ४ ने भागा. बावन्नच्या आसपास उत्तर येतं, आणि ते पूर्ण सपाट लाटेचं आहे. आवाज पार फाटलेला असताना डेक जेवढे वॉट देतो, तोच आकडा त्याची ताकद म्हणून दर्शनी भागावर छापला जातो. लहान ॲम्पवाल्यांनी हा एकच हिशेब करून पाहावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सरासरीची आहे. गाणं म्हणजे सलग एकसुरी लाट नसते. ढोलकीची थाप क्षणभर उंच जाते आणि बाकी वेळ आवाज बराच खाली असतो. नीट रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ही शिखरं सरासरीपेक्षा साधारण १२ डेसिबल वर असतात. असं गाणं ५० वॉटच्या ॲम्पवर टोक न कापता कितीही जोरात लावा, सरासरी जेमतेम ६ वॉट निघतात. स्पीकरची कॉइल तापते ती या सरासरीवर. तेच गाणं रेटून वाजवलं की शिखरं कापली जातात आणि मधला सगळा भाग वर उचलला जातो. सरासरी सहाची तीस होते, चाळीस होते, त्याच्याही पुढे जाते. डीजे रिमिक्समध्ये तर गाणं तयार करतानाच शिखरं दाबलेली असतात, म्हणजे वाटचाल अर्ध्यावरूनच सुरू होते. स्पीकरला दिलेल्या विजेतली शेकडा एक भागाइतकीही ताकद बहुधा आवाजात उतरत नाही. बाकी सगळी उष्णता होते, आणि केसाएवढ्या जाड तारेच्या त्या कॉइलला ती बाहेर टाकायला फारशी जागा नसते. जळक्या वार्निशचा वास येतो तेव्हा हेच झालेलं असतं.

पहिला बळी ट्विटरचा का जातो, तेही यातच आहे. कंपोनंट सेटवर ‘६० वॉट’ लिहिलेलं असतं, पण तो आकडा सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरसह संपूर्ण सेटचा असतो. एकटा ट्विटर सलग थोडेच वॉट सोसेल असा बनवलेला असतो, कारण गाण्यातल्या वरच्या सुरांत मुळातच ताकद कमी असते. बास ॲम्पच्या छताला टेकला की त्याची वाढ थांबते, वरचे सूर मात्र व्हॉल्यूमबरोबर वाढतच राहतात. बास वाढत नाही म्हणून वाजवणारा बटण आणखी फिरवतो, आणि प्रत्येक वेळी वाढीव मार ट्विटरला बसतो.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दल. ‘कमी पॉवरच स्पीकर मारते’ असं ते छातीठोक सांगतात, आणि त्याला कारण देतात की क्लिपिंगमध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज जाते, स्पीकरचा कोन जागच्या जागी थांबतो आणि कॉइल जळते. हे लोक माझ्या बाजूचे वाटतील, पण त्यांचंही मला मान्य नाही. सपाट टोकाची लाट डीसी नसते. ती वर जाते तशी खालीही जाते आणि तिची बेरीज शून्यच राहते. कमी वॉटने स्पीकर मरत असता, तर हळू आवाजात भजनं ऐकणाऱ्या प्रत्येक गाडीतले स्पीकर केव्हाच संपले असते. वर सांगितलेला २० वॉटचा डेक पार फाडून वाजवला तरी पन्नासच्या पुढे जात नाही, आणि खऱ्या १०० वॉटच्या वूफरला त्याने काही होत नाही. स्पीकर उपासमारीने मरत नाही, उष्णतेने मरतो किंवा कोन प्रमाणाबाहेर हलल्याने मरतो. लहान ॲम्पचा दोष एवढाच की तो माणसाला रेटायला भाग पाडतो, आणि रेटल्यावर स्वतःच्या आकड्यात राहत नाही.

आपल्याकडे हे रेटणं इतकं का होतं, हे पाहायचं तर आपले रस्ते पाहायला हवेत. भोरहून महाडकडे निघालेली डिझेल गाडी वरंधा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढते, खिडक्या उघड्या असतात, आत आठ-दहा माणसं असतात. खानापूरकडून पाबे घाटाने वेल्ह्यात उतरा किंवा नसरापूरहून मार्गासनीमार्गे जा, इंजिनची घरघर आणि टायरचा आवाज सोबत असतोच. या सगळ्या गोंगाटात खालचे सूर जास्त असतात, आणि ते गाण्यातला बास गिळतात. घरासमोर उभ्या गाडीत भरदार वाटलेलं गाणं चढणीला पोकळ वाटतं. मग हात बास बूस्टकडे जातो. ते बटण १२ डेसिबलपर्यंत वाढवलं की त्या सुरांसाठी ॲम्पकडून सोळापट ताकद मागितली जाते. आधी तीन वॉट लागत होते तिथे अठ्ठेचाळीस लागतात. वीस वॉटचा डेक ते देणार कुठून? तो फाटतो, आणि ऐकणाऱ्याला चढणीच्या आवाजात फाटलेलं कळतही नाही. शहरात बंद काचेच्या पेट्रोल गाडीत बसून लहान ॲम्पची शिफारस करणं एकवेळ समजू शकतं. आमच्या घाटांत तीच शिफारस सर्वांत जास्त नुकसान करते.

मी मोठ्या आवाजाची वकिली करत नाही. घाटाच्या वळणावर समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. उलट माझा अनुभव असा आहे की आवाज स्वच्छ असला की माणूस तो कमीच ठेवतो. फाटलेला आवाज पुरेसा वाटत नाही म्हणून वाढवला जातो.

फिटर लोकांची एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती बाजूला सारणं अन्यायाचं होईल. ते म्हणतात, ‘मोठा ॲम्प दिला की पोरं तो फुल्ल करतात आणि स्पीकर घेऊन भांडायला माझ्याच दारात येतात.’ हे घडतं. शंभर वॉटच्या स्पीकरला चारशेचा ॲम्प लावून गेन टोकाला नेला, तर एका रात्रीत कॉइल जळेल. पण मी चौपट म्हणत नाही. स्पीकरच्या खऱ्या आरएमएस, म्हणजे सलग सोसण्याच्या आकड्याच्या सव्वापट ते दीडपट पुरे. मंडपात वाजणाऱ्या मोठ्या साउंडच्या धंद्यात दीडपट-दुप्पट ॲम्प ही रुळलेली रीत आहे, आणि तिथले जाणकार लोक ती शिखरांना जागा राहावी म्हणूनच पाळतात. त्यातलं ‘जोरात’ तेवढं आपण गाडीत आणलं आणि ‘जागा’ मागे सोडली. भांडण टाळण्याचा खरा उपाय गेनमध्ये आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

त्याआधी खोक्यावरच्या आकड्यांबद्दल, कारण आकडाच खोटा असेल तर जुळवायचं काय? चार चॅनेलच्या ॲम्पवर ‘१२०० वॉट’, ‘२००० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं. तो ॲम्प उलटा करा आणि फ्यूज पाहा. पंचवीस अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर १४.४ व्होल्टला तो साधारण ३६० वॉट आत घेऊ शकतो. क्लास एबीचा असेल तर त्यातले निम्म्याहून थोडे जास्त बाहेर येतात, म्हणजे दोनशेच्या आसपास. चार चॅनेलना पन्नास-पन्नास. क्लास डीचा असेल तर जास्तीत जास्त तीनशे. उरलेले हजार-पंधराशे वॉट फक्त छपाईत आहेत. फ्यूज क्षणभर जास्त करंट सोसतो म्हणून हा हिशेब तंतोतंत नाही, पण ३६० आत घेऊन २००० बाहेर काढणारं यंत्र जगात नाही. ‘१२०० वॉटचा ॲम्प लावला तरी स्पीकर टिकले’ असं कुणी सांगितलं, तर ते पन्नास वॉटच्या चॅनेलवर टिकले, एवढाच त्याचा अर्थ. स्पीकरच्या खोक्यावरही ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ सोडून आरएमएस किंवा नॉमिनल असं लिहिलेला लहान आकडा शोधा. जुळवाजुळव त्याचीच करायची असते.

आणखी एका आकड्याकडे कुणी पाहतच नाही. एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, ही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्प दुप्पट. ८६ चा स्पीकर १०० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढा ९२ चा स्पीकर पंचवीसवर वाजेल. ज्याला फक्त डेकवरच गाणी ऐकायची आहेत, ॲम्प घ्यायचाच नाही, त्याने वॉट विसरावेत आणि जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर घ्यावेत. दीडशे वॉटचा दणकट स्पीकर डेकवर लावणं म्हणजे रेटण्याला आमंत्रण. इथेही एक फसवणूक चालते. काही कंपन्या हा आकडा एका वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टेजवर दोन वॉट जातात, म्हणून कागदावर तीन डेसिबल फुकट वाढतात.

ओहमबद्दल तर आपल्याकडे भलताच उत्साह आहे. ‘दोन स्पीकर एकात एक जोड, ओहम कमी होईल, आवाज वाढेल.’ वाढेल, ॲम्प सोसत असेल तर. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. दोन चॅनेलला २ ओहम सोसणारा बहुतेक ॲम्प ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच भार चालवताना, ४ ओहमच सोसतो, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धाच भार दिसतो. तिथे २ ओहम लावले तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला १ येतो. ॲम्प तापतो, बंद पडतो, थंड झाला की चालू होतो, आणि एक दिवस होत नाही. दुहेरी कॉइलचा सबवूफर घेताना हे आधी ठरवावं लागतं. ४-४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २ होतात, एकापुढे एक जोडल्या तर ८. ॲम्पला काय चालतं ते पाहून सब निवडायचा. सब आणून मग ॲम्पला कसंतरी बसवायचं, हा उलटा क्रम आहे.

आता वीज. सबवूफरसाठी खरे १००० वॉट हवेत म्हणणाऱ्याने एवढं पाहावं की क्लास डी धरूनही ॲम्पला पूर्ण जोरात नव्वदच्या आसपास अँपिअर लागतात. लहान गाडीचा आल्टरनेटर सगळा मिळून तेवढा देत नाही, आणि गाडी उभी असताना तर आणखी कमी देतो. बासच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मिणमिणतात तेव्हा ॲम्पला व्होल्टेज पुरत नसतं, आणि व्होल्टेज पडलं की मोठा ॲम्पही लहान होऊन टोकं कापायला लागतो. त्यावर एक फॅरडचा कपॅसिटर विकला जातो. त्यात १४.४ पासून १२.५ व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम २५ जूल मिळतात. हजार वॉटला ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतात. ते पैसे तांब्याच्या जाड वायरीवर घालवा. स्वस्त किटमध्ये वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर असते, आणि ती तेवढ्याच जाडीत तांब्याइतका करंट वाहत नाही.

वेल्ह्याच्या पावसाचा हिशेबही यात धरायला हवा. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो, पावसाळ्यात तो गंजतो, आणि तिथे ०.०५ ओहमचा अडथळा उभा राहतो. ५० अँपिअरला एवढाच अडथळा अडीच व्होल्ट खातो. रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून, घट्ट आवळून वर ग्रीस लावलेला अर्थ हा ॲम्प बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. दाराच्या आत पाणी उतरतं, म्हणून आमच्याकडे कागदी कोनापेक्षा पॉलीप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कडा घेणं शहाणपणाचं. आणि बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल तर वायर कुठे घासली की गाडी पेटते.

आता गेनबद्दल. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं दुसरं बटण नव्हे. डेककडून येणाऱ्या संकेताला ॲम्प किती वाढवणार, ते त्यावर ठरतं. स्पीकरच्या वायरी सुट्या करा, बास बूस्ट बंद ठेवा, डेक तीन चतुर्थांश आवाजावर न्या आणि तीनशे-चारशे हर्ट्झचा एकसुरी टोन लावा. स्वस्त मल्टीमीटर त्याहून वरच्या सुरांना चुकीचं दाखवतो. मल्टीमीटर एसीवर लावून ॲम्पच्या टोकांना धरा. स्पीकरला ६० वॉट द्यायचे आहेत आणि तो ४ ओहमचा आहे, तर साठ गुणिले चार, दोनशे चाळीस. त्याचं वर्गमूळ साडेपंधरा. मीटर १५.५ व्होल्ट दाखवेल तिथे गेन थांबवा. सबवूफरला ५० हर्ट्झचा टोन घ्या. ३०० वॉट आणि २ ओहमला साडेचोवीस व्होल्ट येतात. एवढं झालं की ॲम्प शंभरचा असो की दीडशेचा, डेक त्या खुणेपर्यंत ठेवला तर साठच्या स्पीकरला स्वच्छ साठपर्यंतच जातील. फिटरला हवी असलेली हमी ही आहे. लहान ॲम्प ती देऊ शकत नाही, कारण त्याचं टोक कापायला लागतं तिथेच वाजवणाऱ्याची हौस सुरू होते.

याच्या जोडीला खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवा. सूर निम्म्याने खाली गेला की तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. साडेसहा इंची दाराच्या स्पीकरकडून ४० हर्ट्झ मागणं म्हणजे त्याला फाडणं, मग ॲम्प लहान असो वा मोठा. ते काम सबचं आहे.

यातलं काहीच महाग नाही. मल्टीमीटर काही शे रुपयांत येतो, टोन मोबाइलवर वाजतो, आणि वर्गमूळ त्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं. म्हणून भोर, कापूरहोळ, नसरापूरच्या फिटर बंधूंना माझी विनंती आहे. ‘लहान ॲम्प घे, उडणार नाही’ हे सांगणं सोडा. गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताना बिलाच्या मागे स्पीकरचे आरएमएस वॉट, ॲम्पला दिसणारे ओहम आणि गेन ज्या व्होल्टवर लावला तो आकडा लिहून द्या. डेक कोणत्या खुणेपुढे न्यायचा नाही, तेही लिहा. आणि ग्राहकांनो, हे आकडे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.